शिट्टीचा बुधवार

गायकवृंदात तिला सगळे शिट्टी म्हणत. सूर इतका वर चढवायची की मागच्या ओळीतले पुरुष थट्टेनं कानांत बोटं घालत. घरी मात्र गाण्याला सवड कुठली? नवऱ्याला अर्धांगवायू झाल्यापासून त्याला उठवणं-बसवणं, भरवणं, कूस वळवणं सगळं तिच्या एकटीच्या गळ्यात. घराबाहेर पाऊल पडायचं ते बुधवारी संध्याकाळी, तालमीला. तेवढ्यापुरती नणंद येऊन भावाजवळ बसायची. वर बजावायचीही, "गाणं आहे म्हणून येते हो वहिनी. उगाच भटकायला जायचं असेल तर मला बोलावू नका!"

आणि नेमका गळ्यानंच दगा दिला. वय झालं, दुसरं काय! वरच्या जागेवर आवाज फाटायला लागला. मग ती तिथं नुसते ओठ हलवायची. चेहरा असा भक्तिभावाचा की बघणाऱ्यानं हात जोडावेत, आणि गळा चिडीचूप. गायकवृंद चालवणाऱ्या सरांना कळलं तर बुधवार गेलाच!

त्या वर्षी सरांनी तीनशे वर्षांपूर्वीचं प्रार्थनासंगीत बसवलं आणि कार्यक्रमासाठी जुन्या घडणीची वाद्यं वाजवणारी मंडळी बोलावली. व्हायोलिनला जनावराच्या आतड्याच्या तारा, तुताऱ्यांना बोटानं दाबायची एकही कळ नाही. आणि सगळी वाद्यं तालमीच्या पियानोपेक्षा अर्धा स्वर खाली लावलेली, म्हणजे गाणंही तेवढंच खाली.

अर्धा स्वर म्हणजे किती? पियानोवर शेजारची पट्टी. पण शिट्टीला तेवढाच पुरला. कार्यक्रमात ती वरची जागा आली, तिनं देवाचं नाव घेऊन आवाज सोडला, आणि अगं बाई, तो लागला की! भरलेला, गोल, कुठे चरा नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती गात होती. इतकं सुख तिला कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

वाद्यं खोक्यांत गेली, माणसं आपापल्या गावी गेली. मागे राहिला पियानो. नव्या हंगामाआधी सरांनी एकेकाला त्याच्याजवळ बोलावून ऐकलं. तिची पाळी आली आणि सूर टराटरा फाटला.

"मला खालच्या आवाजाच्या ओळीत घ्या ना सर."

"तिथं आधीच गर्दी आहे." सर माणूस म्हणून वाईट नव्हते, त्यांनी मान खाली घातली. "खूप वर्षं गायलात. आता घरी आराम करा."

घरी आणि आराम!

नणंदेला सांगायची तिची छाती झाली नाही. बुधवारी नणंद आली तशी ही गाण्याची पिशवी उचलून बाहेर पडली. पण जाणार कुठे? ओळखीचं कुणी दिसणार नाही अशा लांबच्या बसथांब्यावर जाऊन बसली. थंडी मी म्हणत होती. एकामागून एक बस थांबायची, चालक तिच्याकडे बघायचा, ती मान हलवायची. लवकर घरी जावं तर चोरी पकडली जाणार. ज्या बुधवारसाठी जीव टाकला, तोच आता तिला कोंडून बसला होता.

वेळ झाल्यावर ती परतली आणि नेहमीसारखी नवऱ्याची कूस वळवायला वाकली. एरवी तालमीच्या कोंदट खोलीतून ती घामेजून यायची. आज तिचा हात लागताच तो दचकला. आजारपणानंतर त्याला जेमतेम एकेक शब्द जमायचा.

"गार," तो म्हणाला.

नणंद दारात चपला घालत होती. "काय म्हणतोय हो दादा?"

त्यानं बायकोकडे बघितलं. मग ओठ जुळवत म्हणाला, "गाणं. छान."

"बरं बाई, येते मी पुढच्या बुधवारी," म्हणून नणंद गेली. दार लागलं. त्यानं आपल्या चालत्या हातात तिची गारठलेली बोटं धरली आणि शब्दासाठी कितीतरी वेळ झटापट केली.

"बुधवारी," तो म्हणाला, "हातमोजे."