सणाचं ताट

शासनाचं आपल्या प्रत्येक नागरिकावर बारीक लक्ष असतं, असं भाषणात ऐकलं की लोक हसतात. आम्ही हसत नाही. थोरला भाऊ नांदेडचं कॉलेज सोडून जंगलात बंदूकवाल्यांकडे गेला, तेव्हापासून आमच्या घराला जे लक्ष लाभलं ते गावात दुसऱ्या कुणाला लाभलेलं नाही.

लक्ष ठेवायचं काम बीटच्या जमादारांकडे होतं. पोरगा सणाला आईला भेटायला येणारच, असा ठाण्याचा ठाम अंदाज. म्हणून पोळा, दसरा, दिवाळी, ऐन जेवणाच्या वेळी जमादारांची मोटारसायकल दारात. माय सणाला भावाचं ताट वाढून ठेवायची. पहिल्याच पोळ्याला ती म्हणाली, "दारात आलेलं माणूस उपाशी जातं व्हय? बसा जमादार."

"कशाला माय, ड्युटीवर हाय मी," म्हणत जमादार बसले आणि पोळीवर तूप मागून घेतलं. पुढे भाऊ आलेला नाही याची खात्री ते दर सणाला त्याच्याच ताटावर बसून करत.

धाकटी बहीण लातूरहून नर्सिंग शिकून आली. गावच्या आरोग्य उपकेंद्रात तिची निवडही झाली. फक्त पोलिसांचा अहवाल यायचा होता, आणि तो येत नव्हता. तेवढ्यात ठाण्याला नवे साहेब आले. त्यांनी 'भरकटलेल्या युवकांच्या मातांचा' जाहीर सत्कार ठरवला. शोधाअंती माता एकच निघाली. "सत्काराला या, पोराला परत बोलवा, मग पोरीचं काम होऊन जाईल," असा निरोप जमादारांनीच आणला.

मंडप, शाल, नारळ, फोटोग्राफर. लोकशाही आणि मातृहृदय यांवर साहेब बराच वेळ बोलले. मग माइक मायपुढे आला.

"ये रे बाळा," माय म्हणाली. "दर सणाला तुझं ताट वाढते. एकदाबी वाया जाऊ दिलं न्हाई."

साहेबांनी माइक आपल्याकडे ओढला. "मग जेवतं कोण?"

कोण जेवून गेलं हे आमच्याकडे चारचौघांत सांगत नाहीत. ते खाल्लेलं काढल्यासारखं होतं. मागे नारळाची पिशवी धरून उभे असलेले जमादार मंडपाचं कापड निरखत होते.

"सांगा ना आजी. घाबरू नका."

"जेवणाऱ्याचं नाव काढावं का साहेब?"

मी सांगायला उठलो. बहिणीने दंड धरून खाली बसवलं. "गप बस. माझा रिपोर्ट जमादारच लिहिणार हायेत."

त्यांनीच लिहिला. फरार इसम सणासुदीला घरी येऊन भोजन करतो, असे मातेने जाहीर कबूल केले आहे. सबब उमेदवाराची शिफारस करता येत नाही.

बहीण ठाण्यावर गेली. "काका, तुम्हाला तर ठाऊक होतं."

"ठाऊक हाय की," जमादार म्हणाले. "पण ड्युटीवर मीच जेवून राहिलो, असं लिहू का पोरी?"

साहेबांची बदली झाली. नव्यांनी बहिणीचा नवा अर्ज जुन्याच शेऱ्यासह परत पाठवला. बहिणीची जागा अजून कुणालाच दिलेली नाही. उपकेंद्राला कुलूप असतं आणि त्याच्या ओट्यावर सध्या केळीचे क्रेट ठेवतात.