तीन भेटी

पोटनिवडणूक लागली तेव्हा माझ्या सहावीच्या वर्गात अपूर्णांक अर्धे राहिले होते. निवडून येऊन दोन वर्षंही झाली नव्हती आणि आमच्या खासदारांनी राजीनामा दिला. मुंबईत त्याहून मोठं काही मिळत होतं म्हणे. शिवाजी पेठेत सगळे त्यावरच तावातावाने बोलत होते. मला एवढंच दिसलं, की मतदार यादी पुन्हा माझ्या गळ्यात पडणार.

मी मास्तर, आणि आमच्या भागाचा बीएलओ. म्हणजे यादी घेऊन घरोघर जायचं; कोण वारलं, कोण राहायला गेलं, कोण नवं आलं, ते लिहायचं. घराला कुलूप असेल तर वेगवेगळ्या दिवशी तीनदा जायचं, तिन्ही तारखा टाकायच्या, आणि मगच नाव कमी करा म्हणून वर कळवायचं. नियम चांगला आहे. मी तो पाळला नाही.

आमच्या बोळाच्या शेवटाला एक म्हातारे गवंडी एकटेच राहत. सगळे त्यांना आप्पा म्हणत. मी गेलो तेव्हा त्यांच्या दाराला कुलूप होतं. ऊन भयंकर होतं आणि सकाळची शाळा करून आल्यावर पाय दुखत होते. संध्याकाळी घरी बसून मी तिन्ही तारखा लिहिल्या, त्या दिवसाची आणि आधीच्या दोन दिवसांच्या. एक निळ्या पेननं, एक काळ्या, एक पुन्हा निळ्या, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं दिसावं. शेरा लिहिला, ‘स्थलांतरित’. दारावर नोटीस चिकटवली असंही लिहिलं. ती माझ्या पिशवीतच राहिली. खाली दोघा शेजाऱ्यांच्या सह्या लागतात. त्या चहाच्या गाड्यावर मिळाल्या. कुणी वाचून सही केली नाही, आणि कुणी वाचू नये असंच मला वाटत होतं.

आप्पा बिद्रीला लेकीकडे गेले होते. तिचं ऑपरेशन झालं होतं. हे मला नंतर कळलं. विचारलं असतं तर बोळातल्या कुणीही तेव्हाच सांगितलं असतं.

मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर टेबल टाकून मी चिठ्ठ्या देत होतो. सात वाजायच्या आधीच आप्पा आले, इस्त्रीचा सदरा घालून. आमच्या केंद्रावर पहिलं मत त्यांचं, हे इतक्या वर्षांचं ठरलेलं, की तालमीतली पोरंही रांगेत त्यांच्यासाठी जागा सोडत. राजीनाम्याचा त्यांना फार राग होता. म्हणायचे, मी दिलेलं मत त्यानं मला न इचारता टाकून दिलं, आता मला बोलायचंय.

आतल्या अधिकाऱ्यानं त्यांना परत पाठवलं. यादीत नाव नव्हतं. ते माझ्या टेबलापाशी आले आणि ओळखपत्र पुढं ठेवून म्हणाले, “मास्तर, बघा की जरा. हितंच कुठंतरी असंल.”

मी बघितलं. म्हणजे बघितल्यासारखं केलं. चार वेळा पानं उलटली, पुरवणी यादीही चाळली. नाव कुठं नाही हे मला पहिल्या पानाआधीच माहीत होतं. मग म्हणालो, वरनंच उडालंय आप्पा, कंप्युटरचं काम.

शेजारच्या पक्षाच्या बूथवरून कुणीतरी ओरडलं, “आप्पा, तुमास्नी पेठेतनंच काढलं की!” सगळे हसले. आप्पाही हसले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “तुमी कशाला तोंड पाडताय? तुमची काय चूक?”

तिथंच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दुपारपर्यंत ते शाळेच्या कट्ट्यावर बसून होते. येणारा-जाणारा विचारी, झालं का मतदान? ते कोरं बोट दाखवत.

पुढच्या आठवड्यात मी सहा नंबरचा फॉर्म घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि सगळा स्वतः भरला. नवीन मतदार म्हणून. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, असं म्हणून ते फार हसले. नाव परत लागलं. तेव्हापासून ते पेठेत सांगत फिरू लागले, मास्तरनं माझ्यासाठी किती खटपट केली म्हणून. दिवाळीला लेकीकडचा डबाभर गूळ आणून दिला. तो डबा मी बरेच दिवस उघडला नाही. बायकोनं विचारलं, तर साखर वाढलीय म्हणालो.

पुढच्या वर्षी ते पुन्हा आले, नव्या यादीत नाव आहे का बघायला. चहा टाकला होता. आणि एकाएकी मला ते सगळं सहन होईना. मी सांगितलं. कुलूप, तारखा, दोन रंगांची पेनं, न चिकटवलेली नोटीस, काही लपवून ठेवलं नाही. त्या दिवशी यादी चाळल्याचं नाटकही सांगितलं.

आप्पा म्हणाले, “एकदा आलता, ते खरं न्हवं?”

“खरं.”

“मग ऱ्हायल्याली दोन दिवस कुठं हुता?”

“घरात. एक दिवस झोपलो होतो. दुसऱ्या दिवशी मॅच बघत होतो.”

त्यांनी मान हलवली. रागानं नाही, एखादी भिंत ओळंब्यात नाही हे बघून गवंडी हलवतो तशी. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि गेले.

आता यादी बघायला ते माझ्याकडे येत नाहीत. पलीकडच्या भागाच्या बीएलओ बाईंकडे जातात. त्यांच्याकडे आमच्या भागाची यादी नसते. त्या मोबाईलवर शोधून देतात. तिकडं जायला दोन चौक ओलांडावे लागतात, आणि आप्पांचे गुडघे दुखतात. माझ्या दारावरूनच जावं लागतं त्यांना. दिसलो तर हात वर करतात. थांबत नाहीत.