न्हायमामांचं कुलूप

न्हायमामांच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो 'न्हाय'. चहा घेणार का विचारलं तरी आधी न्हाय, मग कपाकडे हात. आमच्या हौशी नाटकमंडळात त्यांचं खरं नाव फक्त हँडबिलावर छापलेलं असायचं.

मामा हुपरीचे, पैंजणं घडवणारे. जन्मभर चांदीतली भेसळ शोधल्यामुळे माणसातही त्यांना आधी तीच दिसे. कोल्हापुरात कुस्तीच्या एका तालमीच्या माडीवर आम्ही नाटकं बसवायचो. बाकी सगळे आसपासच्या गल्ल्यांतले, पण खोलीची किल्ली मात्र हुपरीला. मामांची एसटी येईपर्यंत आम्ही जिन्यावर भेळ खात बसायचो. रात्री निघताना ते कुलूप लावून ओढून बघत, अर्ध्या जिन्यातून माघारी फिरत आणि पुन्हा ओढत. एक किल्ली इथं ठेवा म्हटलं की म्हणायचे, "इस्वासाचा माणूस दावा, देतो की."

मी पहिलं नाटक लिहिलं ते त्यांनाच डोळ्यांपुढे ठेवून. त्यातला बापू जन्मभर कुणावर विश्वास ठेवत नाही, शेवटी मात्र कपाटाची किल्ली सुनेच्या हातात ठेवतो आणि पडदा पडतो. वाचन झालं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामा तेवढे कोरडे.

"न्हाय. ह्यो बापू किल्ली देनार न्हाय, लेखिकाबाई."

माणूस बदलतो, असं मी म्हणाले.

"बदलतोय कुठला? दमतोय निस्ता."

पुढे प्रत्येक तालमीला हाच वाद. शेवट पडला तर माझं नाटक पडणार होतं आणि मामांशिवाय बापू करणारं दुसरं कुणी नव्हतं. अखेर ते "बरं" म्हणाले, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

प्रयोगात त्यांनी किल्ली दिली. इतकी हळुवार दिली की मी आमचा वादही विसरले. मग दाराकडे निघालेले मामा मध्येच वळले, कपाटापाशी गेले आणि त्यांनी कुलूप ओढून बघितलं. प्रेक्षक हसले, मग टाळ्या. मी विंगेत धुमसत होते. आत आल्यावर म्हणाले, "किल्ली दिली की तुझ्या म्हन्यापरमानं. पर हात बापूचाच हाय न्हवं?"

मला ते पटलं नव्हतं. बदलायचं तर माणसानं पुरतं बदलावं, असं मला तेव्हा वाटायचं.

मागच्या वर्षी मामांची नजर अधू झाली आणि मुलानं एसटीचा प्रवास बंद केला. ते शेवटचे आले त्या दिवशी त्यांनी नेहमीसारखं कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. बोलले काहीच नाहीत, न्हायसुद्धा नाही. कठडा धरून जिना उतरू लागले. मला वाटलं, आता माघारी फिरणार. अर्ध्या जिन्यात ते थांबले, माझ्याकडे पाठ करून तसेच उभे राहिले. मला कळलं. मी कुलूप जोरात ओढलं. तो आवाज ऐकला आणि मगच ते खाली उतरले.

मामा दिवाळीआधी गेले. त्यांची फार आठवण येते. अजून रोज कुलूप लावल्यावर अर्ध्या जिन्यातून मी माघारी फिरते आणि पुन्हा ओढते, खाली ऐकू जाईल इतक्या जोरात.