सुभेदारांची मोडी पत्रं

बेळगावहून चोर्ला घाटाची पहिली बस धरली, तेव्हा पिशवीत एक भिंग, दोन वह्या आणि कुंद्याचा डबा होता. महायुद्धात इटलीत नाव काढलेल्या पेडण्याच्या सुभेदारांच्या वस्तू मी शोधत फिरते. का, ते आधीच सांगते. पुरानं फुगलेल्या नदीत दोर धरून त्यांनी तीन जखमी शिपाई पाठीवर घेऊन पलीकडे पोचवले. चौथ्याला आणायला उतरले आणि वाहून गेले. त्या तिघांतला एक माझा बाप. म्हणजे बघा, ते पाण्यात उतरले नसते तर हे लिहायला मी नसते.

पेडण्यात त्यांच्या पुतळ्यापुढे चपला काढून उभी राहिले. त्यांच्या पुतण्याच्या घरी चहाबरोबर गरम उंडे (कडक कवचाचे गोल पाव) आले, पण घास कुठला उतरायला! पदक तळहातावर ठेवलं होतं ना. गार आणि चांगलंच जड. पत्रं मात्र मयेला, सुभेदारांच्या लेकीकडे, शेवंतीमावशींकडे. त्यांनी एका प्रोफेसराला पोटभर जेवू घालून रिकाम्या हाती परत पाठवलंय, असं पुतण्यानं हसत सांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये माझा डोळा लागला. मयेसाठी उतरायचं ती डिचोली मागे पडली आणि मी थेट कारापूरला. कंडक्टर म्हणतो, "आजी, तुमी इतक्या बऱ्या निजलल्यास, उठवक मन झाला नाय." उलटी बस धरून मयेला पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. डोंगराच्या ओंजळीत धरल्यासारखं ते तळं बघून मी दोन मिनिटं वाट विचारायचीच विसरले.

शेवंतीमावशींनी पंच्याऐंशी ओलांडलीय. माझ्या बापाची गोष्ट ऐकून त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, मला खतखतं (बऱ्याच भाज्यांचं कालवण) आणि भात वाढला. मग म्हणाल्या, देवाला विचारल्याशिवाय बाबांची वस्तू उंबऱ्याबाहेर जात नाही. इकडे प्रसाद लावायची रीत आहे. पुजारी देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. देवळात तासभर आम्ही दोघी त्या पाकळ्यांकडे बघत बसलो. मी तर श्वाससुद्धा जपून घेत होते.

डावी पडली.

घरी येऊन मी पिशवी भरायला लागले. मावशींनी भिंग बघितलं आणि मोडी वाचता येतं का विचारलं. शाळा माझी चौथीपर्यंतच, पण मोडी मी जुन्या कागदांवरून आपली आपण शिकलेय. मावशींची आई मास्तरांची लेक, तिला मोडी यायची. ती गेल्यापासून चाळीस वर्षं ती पत्रं कुणी वाचलेलीच नव्हती. मावशी देवघरातून लाल फडक्यातलं पुडकं घेऊन आल्या.

"देवान न्हेव नको म्हटल्यान. हंय (इथे) बसान वाचूक खंय नको म्हटल्यान?"

सहा पत्रं. कागद कांद्याच्या सालीसारखा, मध्येच लष्करी तपासनिसानं फासलेली काळी शाई. मी वाचत होते, वहीत उतरवत होते. शेवटच्या पत्रात या ओळी आल्या. 'उद्या नदी ओलांडायची आहे. मला पोहता येत नाही, हे इथे कोणास ठाऊक नाही. तूही कोणास सांगू नकोस. पोरीस तळ्यावर जाऊ देऊ नकोस.'



"माका आवशीन कधी तळ्यार जावक दिल्यान नाय," मावशी म्हणाल्या. त्यासाठी आईवर जन्मभर राग धरला होता त्यांनी.

मी पेन खाली ठेवलं. एवढ्या ओळी गाळू का, असं विचारलं. नवऱ्यानं टाकलेला शब्द त्या माउलीनं मरेपर्यंत पाळला होता. तो मोडणारी मी कोण? मावशी कितीतरी वेळ पत्रावरून बोट फिरवत राहिल्या.

"आवशीन सांभाळल्यान तितक्या पुरे," त्या म्हणाल्या. "बरय (लिही), गे बाय. लोकांक कळांदे तो कसो पाण्यात उतरलो तो."

पत्रं देवघरात गेली, नक्कल माझ्याकडे राहिली. परतताना घाटभर ती वही मी छातीशी धरून बसले होते. इतकी वर्षं मी सुभेदारांना पट्टीचा पोहणारा समजत आले. बापही तसंच समजून गेला. तो सांगायचा, त्या माणसाच्या पाठीवर होतो तोवर मला जराही भीती वाटली नाही.