डोळ्यांच्या खोलीतला जळफळाट

सरकारी दवाखान्यात डोळे तपासायच्या खोलीत वर्षानुवर्षं बसलं, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपणहून येऊन बाकावर बसतात! ऐंशीनंतरची ती वर्षं, मी कर्जतला होतो. भिंतीवरची अक्षरं वाचून घ्यायचो म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. अंधत्वाचा दाखला मिळावा म्हणून माणसं यायची. तुम्हाला वाटेल, तिथं रडारड असेल. छे! मी तिथं सगळ्यात जास्त पाहिला तो जळफळाट, आणि त्यात माझाही होता.

*

दहिवलीचे दोन भाऊ आले. भात झोडताना थोरल्याच्या एका डोळ्यात कुसळ गेलं, त्यावर कुणीतरी पाल्याचा रस पिळला. डोळ्यात फूल पडलं आणि डोळा गेला. धाकट्याला लहानपणी देवी आल्या, त्यात दोन्ही गेले. मी सांगितलं, "थोरल्याला तीस टक्के, धाकट्याला शंभर. चाळीसच्या खाली सवलत नाही."

थोरला उसळलाच. "मास्तर, मी नापास? आन् ह्यो पयला?"

धाकटा शांतपणे म्हणाला, "दादा, तू अर्धाच अभ्यास केलास रं!"

*

दाखल्यावर सही जिल्ह्याच्या डॉक्टरांची. ते आठवड्यातून एकदा यायचे. तपासणी माझी आणि पेशंटांनी प्रेमानं आणलेल्या काकड्या त्यांना! एका म्हातारीला ऑपरेशनसाठी मी राजी केलं, टेबलापर्यंत हात धरून नेलं. पट्टी सुटायची तेव्हा मी मुद्दाम पुढे उभा राहिलो. तिनं डोळे मिचकावले आणि मला हातानं बाजूला सारलं.

"सरक रं मेल्या, डागदर दिसू दे!"

मी जळलो. खोटं कशाला सांगू, अजूनही जळतो.

*

लोधिवलीकडचे एक शेठ आले, भातगिरणीवाले. बरोबर त्यांचा गडी. दोघांनाही दिसेनासं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, "गड्याला मोतीबिंदू. शेठ, तुम्हाला काचबिंदू."

शेठ लालबुंद! "त्याला मोती आणि मला काच? नीट बघा, अदलाबदल झाली असेल!"

सगळे हसले. मग मी समजावून सांगितलं, की मोती काढता येतो, पण काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. पुढे शेठ दाखल्यासाठी आले, तेव्हा नवा चष्मा लावलेला गडीच त्यांचा हात धरून होता.

"जपून शेठ, पायरी हाय."

"दिसत्येय मला!" शेठ ओरडले आणि ठेचकाळले.

*

पण हिराबाईची सर कुणालाच नाही. कशेळ्याच्या पुढची. नवरा पदू, गावोगाव भजनं म्हणणारा, दोन्ही डोळ्यांनी आंधळा. दाखल्यावर त्याला एसटीत सवलत मिळाली, सोबतच्या माणसालाही. थोड्याच दिवसांत ती त्याला ओढतच माझ्यापुढे घेऊन आली.

"मास्तर, सोबतीला एक मानूस चालतो म्हन्लात. कोन मानूस त्ये दाखल्यावर लिवा. माझं नाव लिवा!"

"का? झालं काय?"

"ह्ये शेजारच्या शेवंताला घेऊन बाजाराला जातात! एवडी वर्सं हात मी धरला, आन् येष्टीत ती बसते!"

दाखल्यावर सोबत्याचं नाव लिहीत नाहीत, असं मी सांगितलं. तिचे डोळे भरले. मी पदूकडे वळलो. तो हळूच म्हणाला, "मास्तर, ही खड्डा सांगते, दगूड सांगते. तेवडंच. शेवंता वाटंनं काय काय दिसतं त्ये सांगते."

हिराबाईनं पदर सावरला, त्याचा हात धरला आणि निघाली. फाटकाबाहेरून तिचा आवाज आला.

"येष्टी हुबी हाय. लाल. डायवर विडी वढतोय. चाकाच्या सावलीला कुत्रं निजलंय, पिवळं."

"आन् गं?" पदूनं विचारलं.

"आन् शेवंता चाललीय समोरून. लई म्हातारी दिसाया लागलीय वो!"

मी खिडकीतून डोकावलो. एसटी होती, कुत्रं होतं. शेवंता कुठंच नव्हती.