झिराडकरांचा समुद्रापलीकडचा शनिवार

शुक्रवारी दुपारी अडीच वाजता मझल झिराडकरने कॅरव्हॅनमधली शेवटची कढई घासून पालथी घातली आणि दारातून ओरडून सांगितलं, "पुढच्या वर्षी मी यायची नाही. तुम्ही आणि तुमचा तंबू, दोघंच या."

"हो," बाहेरून उत्तर आलं.

बाहेर तिचा नवरा एलिएझर ओल्या गवतावर उकिडवा बसून तंबूच्या उरलेल्या खुंट्या मोजत होता. हे वाक्य तो १९६८ सालापासून दर उन्हाळ्यात ऐकत आला होता आणि दर वेळी हो म्हणत आला होता. आता १९७३ चा ऑगस्ट संपत आला होता. मझलला सगळ्यात जास्त संताप त्या 'हो'चाच येई. माणसाने भांडावं, निदान तोंड तरी वाकडं करावं. हा कुणालाही, कशालाही हो म्हणायचा. शेजाऱ्याने शिडी नेली आणि वर्षभर परत केली नाही, तर त्याच्याच पत्र्यावर चढायला ती शिडी धरून हा उभा!

या बेटाचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते एका रंगीत पुस्तिकेमुळे. इंग्लंडच्या दक्षिणेचं आयल ऑफ वाइट. वर निळं आकाश, खाली पिवळी वाळू, मध्ये दोन ताडासारखी झाडं आणि 'ट्रॉपिकल' असा शब्द. एलिएझर मूळ अलिबागजवळच्या झिराडचा. त्याने ते चित्र पाहिलं आणि म्हणाला, "मझल, डिट्टो आपला किनारा!" मझल भायखळ्याची. मुंबईहून इंग्लंडला, टिलबरी बंदरात येताना बोटीतून जो समुद्र दिसला तो तिला जन्मभर पुरला असता. पण गेले. ती दोन झाडं खरोखरच होती, 'पाम बीच हॉलिडे पार्क'च्या फाटकाशी, आणि त्यांतलं एक वाळलेलं होतं. बाकी वारा, पाऊस, कॅरव्हॅनच्या काचांवरून आतल्या बाजूने ओघळणारं पाणी, आणि पहाटे संडासाला जायचं तर चिखलातून शंभर पावलं. समुद्रात पाय घातला की हाडं दुखत. एलिएझर मात्र गुडघाभर पाण्यात उभा राहून म्हणे, "छान आहे ना?" त्याचे ओठ निळे झालेले असत.

हेही तिने सोसलं असतं. तिच्या जिवाला खाल्लं ते शनिवाराने.

झिराडकर हे बेने इस्रायली, कोकणातले यहुदी. एलिएझरच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद, म्हणून गावात त्यांना शनिवार तेली म्हणत. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत, काम नाही, चूल नाही, प्रवास नाही. त्या आजोबांचा नातू लंडनजवळ क्रॉयडनला एका मोठ्या दुकानात कार्पेटं विकत होता. दुकान रविवारी बंद, बुधवारी अर्धा दिवस, आणि खरा धंदा शनिवारी. १९६२ साली नोकरी देताना साहेबाने विचारलं होतं, "सॅटर्डेज ऑल राइट?" आणि हा काय म्हणाला असेल ते सांगायला नकोच.

आपण यहुदी आहोत हे त्याने दुकानात कधी सांगितलंच नव्हतं. ते त्याला एली म्हणत आणि हिंदू समजत. नाताळच्या जेवणात कुणीतरी दयाळूपणे विचारी, "बीफ चालत नाही ना तुला?" आणि हा हो म्हणून बटाटे खाई. मझलने एकदा खडसावून विचारलं, "अहो, सांगायला काय होतं?" तर म्हणाला, "आपण इंडियन आहोत हे त्यांना दिसतंच. त्यात आणखी एक कशाला? पटणार नाही, मग समजावत बसा." यहुद्यांचं नवं वर्ष आणि किप्पूरचा उपास यांसाठी रजा लागे. त्यासाठी दर सप्टेंबरात त्याच्या घरी कुणाचं ना कुणाचं लग्न निघे. दुकानाच्या हिशेबाने त्याला आतापर्यंत बावीस-तेवीस भाऊबहिणी झाल्या होत्या.

दोन आठवड्यांच्या रजेतली एवढी रजा त्या लग्नांसाठी राखली की उरे एक आठवडा, रविवार ते रविवार. त्यात मोजून एक शनिवार. वर्षातून त्याला पाळायला मिळणारा हा असा एकच शब्बाथ होता, आणि त्यावर त्याचा जीव होता.

पण इंग्लंडात समुद्रावरच्या कॅरव्हॅन भाड्याने मिळतात त्या शनिवार ते शनिवार. शनिवारी सकाळी दहाला जुन्यांनी बाहेर पडायचं, दुपारी नव्यांनी आत यायचं. सगळा देश याच नियमावर सुट्टी घेतो. एलिएझरने ते बारीक अक्षर वाचलंच नव्हतं. पहिल्या वर्षी, १९६६ मध्ये, शुक्रवारी संध्याकाळी पार्कच्या वॉर्डनने सांगितलं तेव्हा कळलं. सामान सूर्य बुडायच्या आत धावतपळत वॉर्डनच्या शेडमध्ये टाकलं आणि दुसऱ्या दिवशी दहापासून अंधार पडेपर्यंत तिघं, ती दोघं आणि नऊ वर्षांची जेमिमा, समुद्राकाठच्या एका बाकावर बसून राहिली. पाऊस भुरभुरत होता. एलिएझर म्हणाला, "शांत वाटतंय." मझलने त्याच्याशी मंगळवारी बोलायला सुरुवात केली.

दुसऱ्या वर्षी तिने शहाणपणा केला. शुक्रवारी दुपारीच सगळ्यांना घरी आणलं. म्हटलं, शब्बाथ क्रॉयडनलाही येतोच की. शनिवारी सकाळी ती उठली तर हा सूट घालून, टाय बांधून आरशासमोर उभा. "जरा तोंड दाखवून येतो. सेल चालू आहे, त्यांची धावपळ होत असेल." कुणी बोलावलं नव्हतं, कुणी निरोप धाडला नव्हता. तोंड दाखवून तो संध्याकाळी सात वाजता परतला, गुडघ्यांवर कार्पेटचे तंतू चिकटलेले. जेवला नाही. पलंगावर बसून नुसता हातांकडे बघत राहिला. त्या दिवशी मझलला कळलं, की या माणसाला शनिवारी घरी ठेवायचं तर मध्ये समुद्रच पाहिजे.

म्हणून तंबू. पार्कच्या वरच्या अंगाला तंबूंचं मैदान होतं, तिथे वारांचा नियम नव्हता. दर शुक्रवारी दुपारी कॅरव्हॅनमधला संसार उचलायचा आणि मैदानावर न्यायचा. भांडी, अंथरुणं, रॉकेलचा स्टोव्ह, कंदील. शनिवारचंही जेवण शुक्रवारीच शिजवायचं, मनुका भिजवून किद्दूशचं, शब्बाथच्या प्रार्थनेचं, शरबत करायचं, आणि सूर्य बुडायच्या आत दिवा लावून मोकळं व्हायचं. मग एलिएझर अख्खा दिवस तंबूच्या तोंडाशी बसे. वाचत नसे, बोलत नसे. बसे. आणि मझल आत पडून कंबर चोळत असे. त्याचा विसावा खरा, पण तो शुक्रवारी तिच्या पाठीवरून वाहून आणावा लागे, याचा त्याला पत्ता तरी होता का कोण जाणे.

या वर्षी कहर झाला. तीन दिवस पावसाची झोड, मैदानाचा चिखल, मझलची कंबर धरलेली. जेमिमा आता सोळा वर्षांची. ती वर जाऊन सकाळी ठोकलेला तंबू बघून आली आणि दारातच फतकल मारून बसली.

"ममी, तंबू आतून सगळी ओली झाली आहे. आय ॲम नॉट स्लीपिंग इन दॅट. डॅडीला सांग ना!"

"तूच सांग. तो हो म्हणेल."

एलिएझर खुंट्यांची पिशवी खाली ठेवून म्हणाला, "कोळी आले असतील, बांगडे घेऊन येतो," आणि उतारावरून गेलासुद्धा. इथल्या मॅकरलला तो बांगडाच म्हणे.

तो दिसेनासा झाला आणि वॉर्डनची बायको घाईने आली. मिस्टर झिराडकरांना ऑफिसात फोन होता, क्रॉयडनहून. दुकानाला इथला नंबर मिळाला कुठून, असं मझलला वाटलं. मग आठवलं, की रजेच्या अर्जावर यानेच पार्कचा नंबर लिहून दिला होता. कुणी मागितला होता? कुणी नाही!

ती ओल्या हातांनीच ऑफिसात गेली. फोनवर कार्पेट विभागाचे साहेब होते, मिस्टर हॅडली. बोलणं गोड. दोघं सेल्समन आजारी पडले आहेत, उद्या सेलचा शनिवार, एली दुपारपर्यंत पोचेल का? "आय नो ही वोन्ट माइंड. एली नेव्हर माइंड्स."

खोटं कशाला सांगा, मझलच्या डोळ्यांसमोर आधी स्वतःचा पलंगच आला. निरोप पोचवायचा, बस्स. तो हो म्हणणारच. साडेसहाची फेरीबोट मिळेल, दहाच्या आत क्रॉयडन. कोरडी गादी. तंबू नाही, चिखल नाही, आणि दोष तिच्याकडे काडीचा नाही. रिसीव्हर कानाशी धरून उभं राहताना कंबर ठणकत होती. फक्त 'सांगते' एवढंच म्हणायचं होतं.

पण ते 'नेव्हर माइंड्स' तिला झोंबलं. या माणसाला काही वाटत नाही? सूट घालून आरशासमोर उभा राहिलेला तो तिला दिसला, आणि संध्याकाळी हातांकडे बघत बसलेला. ती त्याच्यावर कितीही चिडेल, तो तिचा हक्क होता. या हॅडलीने त्याला गृहीत धरायचं नाही.

"नो," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकली, पण आता थांबणं शक्य नव्हतं. तिचं इंग्रजी रागात नेहमीच चांगलं होई. "तो येणार नाही. उद्या आमचा सॅबथ आहे. वुई आर ज्यूज, मिस्टर हॅडली. माझा नवरा अकरा वर्षं प्रत्येक शनिवारी तुमच्या दुकानात गुडघ्यांवर बसून कार्पेटं मोजतो. वर्षातला हा एक शनिवार त्याचा आहे. तो मी तुम्हाला देणार नाही. काढून टाकायचं असेल तर खुशाल काढा."

  गेली नोकरी, तिला वाटलं. चोपन्नाव्या वर्षी याला कोण ठेवणार?

"गुड हेवन्स," साहेब म्हणाले, "ही नेव्हर सेड!" ते बिचारे खरंच ओशाळले होते. म्हणाले, लिनन विभागातला आमचा म्हातारा लॅस्कर, तोही ज्यू, वीस वर्षं शनिवारी येत नाही. त्याऐवजी रविवारी गोदामात काम करतो, कुणाचं काही बिघडत नाही. एलीला सोमवारी मला भेटायला सांगा, त्याचंही तसंच करून टाकू. पहिल्याच दिवशी केलं असतं. "ऑल ही हॅड टु डू वॉज आस्क."

मझलने थँक्यू म्हटलं, फोन ठेवला, बाहेर आली आणि पाण्याच्या नळाशी जाऊन रडली. दुःखाने नव्हे, संतापाने. नुसतं विचारायचं होतं! अकरा वर्षांचे शनिवार. तो बाक, तो पाऊस, तो तंबू, ती तेवीस लग्नं. सगळं एका प्रश्नाने टळलं असतं आणि तो प्रश्न या माणसाच्या तोंडातून निघाला नव्हता. असा चांगला झाडते त्याला, असा झाडते, की झिराडपर्यंत ऐकू जाईल, असं ठरवून तिने तोंड धुतलं.

एलिएझर उतारावरून वर येत होता. वर्तमानपत्रात गुंडाळलेले मासे छातीशी धरलेले, चष्म्यावर पाणी. वॉर्डनच्या बायकोने त्याला वाटेतच फोनचं सांगितलं असावं, कारण त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"दुकानातून होता? काय म्हणाले?"

"उद्या या म्हणाले."

त्याने हातातल्या पुडीकडे पाहिलं. मग मैदानाकडे. "हो," तो हळू म्हणाला. "मग निघायला हवं. साडेसहाची फेरी..."

"मी नाही म्हणून सांगितलं."

"काय?"

"शब्बाथ आहे, येणार नाहीत, असं सांगितलं. आपण कोण ते सांगितलं. सगळं सांगितलं."

 तो घाबरेल, चिडेल, निदान पहिल्यांदा तिला काहीतरी बोलेल, असं तिला वाटलं. तो फक्त म्हणाला, "असं म्हणता येतं?"

येतं! अकरा वर्षं येत होतं! तिच्या ओठांवर ते आलंच होतं. लॅस्करचं नाव, रविवारचं गोदाम, साहेबाचं ते शेवटचं वाक्य, सगळं फेकून मारायला तयार होतं. पण त्याचा चेहरा बदलत चालला होता. ओल्या चष्म्यामागे हसू येत होतं आणि ते त्याला आवरत नव्हतं. आपल्या शनिवारासाठी कुणीतरी साहेबाशी भांडलं, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं होतं.

"रागावले का गं?" त्याने विचारलं.

मझलने त्याच्या हातातून माशांची पुडी घेतली. "खूप," ती म्हणाली.

"आणि तू?"

"मी ऐकते काय!"

"जेमिमा!" एलिएझर कॅरव्हॅनकडे धावत सुटला. चिखलात घसरला, सावरला, पुन्हा धावला. "जेमिमा, ऐकलंस का? तुझी आई साहेबाशी भांडली!"

मझल नळाशी मासे साफ करायला बसली. कंबर दुखतच होती, सूर्य बुडायला साडेतीन तास उरले होते आणि स्वयंपाक सगळाच व्हायचा होता. सोमवारी साहेब त्याला खरं काय ते सांगणारच होते. पण तो सोमवार होता, आणि त्याच्या आधी अख्खा शनिवार होता.