पाव्हणं वाटंत हायेत

माईकवर दोनदा टिचकी मारायची, फुंकर घालायची आणि म्हणायचं, “दोन मिन्टं मंडळी, पाव्हणं वाटंत हायेत.” कोपरगावकडच्या लग्नांना गेला असाल, तर हा आवाज तुम्हीही ऐकला असेल आणि माझ्यासारखेच वैतागला असाल. मंडप माझा, माईक माझा. बोलणारे मात्र गावातले जाणते नाना.

पत्रिकेत लग्न साडेबाराचं. नवरानवरी अंतरपाटाशी ताटकळलेली, मुठीतल्या अक्षता घामानं ओल्या, पोरं भुकेनं रडताहेत, आणि नाना सांगणार की मामांची गाडी कारखान्यापर्यंत आली आहे. मला संध्याकाळच्या लग्नाला स्पीकर राहात्याला न्यायचे असायचे. डोकं फिरायचं. घड्याळ दाखवलं तर ते शांतपणे म्हणायचे, “घड्याळ तुझ्या एकल्याचं हाय. लगीन समद्यांचं हाय.”

एकदा मी चिडून मशीनच बंद केलं. नानांनी माईक खाली ठेवला, उपरणं सारखं केलं आणि मोकळ्या गळ्यानं तेच सांगितलं. भरला मंडप मुकाट बसून राहिला. मामा धापा टाकत आले आणि त्यांना पाहून नवरीला रडू फुटलं. माझा राग काही गेला नाही.

यंदा नाना गेले. दहाव्याला गोदाकाठी माईक मीच लावला. त्यांची एकुलती एक मुलगी कर्जतहून, सासरहून निघाली होती. वाटेत उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकली. इकडे श्रद्धांजलीला आलेल्या पुढाऱ्यांना पुढचा दहावा गाठायचा होता. ते म्हणाले, उरकून घ्या. भावकीनंही माना डोलावल्या.

मी माईक उचलला. “दोन मिन्टं थांबा, पोरगी वाटंत हाय.”

लोकांनी मोबाईलमध्ये वेळ पाहिली. पिंड ठेवले गेले. कावळा टपूनच बसला होता, तो लगेच शिवला. नानांची काही इच्छा राहिली नव्हती, असं म्हणत मंडळी चपला शोधू लागली. मला नानांचाच संताप आला. जगाच्या मामांसाठी लोकांना उपाशी बसवलंत, आणि पोटच्या पोरीसाठी एवढी घाई?

ती आली तेव्हा घाट रिकामा होता. मला पुढच्या गावी मंडप घालायला जायचं होतं, वायर गुंडाळत होतो.

“झालं का सगळं?” तिनं विचारलं.

मी वायर खाली ठेवली.

“न्हाई ताई. तुमच्यासाठीच थांबलोय.”